नियंत्रण शेडमध्येच हवे

कुक्कुटपालनातील नफा-तोट्याचा बराचसा निकाल पहिल्या दहा-बारा दिवसांतच लागतो. अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले पिल्लू स्वतःच्या शरीराचे तापमान राखू शकत नाही. ती क्षमता दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येते. तोपर्यंत त्याला बाहेरून ऊब द्यावी लागते. पूर्वी हे काम खुडूक कोंबडी करीत असे. आता पत्र्याच्या दीड फूट उंच गोल कडेत, भाताच्या तुसाच्या गादीवर टांगलेले दिवे किंवा शेगडी ते करते. यालाच ब्रूडर म्हणतात. पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश सेल्सिअस आणि पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी कमी, असे याचे रूढ गणित आहे. थंडीच्या दिवसांत, रात्री तीन वाजता, वीज ये-जा करीत असताना हे गणित सांभाळायचे कोणी, हा लहान उत्पादकापुढचा प्रश्न आहे.

मोठ्या कंपन्यांच्या वातानुकूलित शेडमध्ये त्यासाठी खास नियंत्रक असतात. पाचशे पिल्ले वाढवणाऱ्याला ते परवडत नाहीत. त्यामुळे घरातले दिवे आणि गीझर मोबाइलवरून चालू-बंद करण्यासाठी बनवलेले स्मार्ट प्लग आणि वायफायवर चालणारे तापमापक यांच्याकडे त्याचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. पिल्लामागे दोन वॅट धरले, तर पाचशे पिल्लांना २५० वॅटचे चार दिवे लागतात. ते अखंड जळले, तर दिवसाला २४ युनिट वीज खर्च होते. दुपारी गरज नसताना दिवे आपोआप बंद झाले, तर वीज वाचते आणि पिल्लांची होरपळही टळते. तेव्हा या कल्पनेला ‘शहरी चोचले’ म्हणून मोडीत काढण्याचे कारण नाही.

तापमानाच्या स्वयंनियंत्रणाचा इतिहासच मुळी कोंबडीच्या पिल्लांपाशी सुरू होतो. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडच्या राजाश्रयाला असलेल्या कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने अंडी उबवण्याच्या भट्टीसाठी एक नियामक बनवला होता. उष्णता वाढली की मद्यार्क प्रसरण पावे, तो पाऱ्याला वर ढकली आणि पाऱ्यावरची दांडी भट्टीची झडप बंद करी. पुढे फ्रान्समध्ये बोनमॅं याने १७८३ मध्ये तापमान-नियामकाचे पेटंट घेतले आणि तो अंडी उबवण्यासाठीच वापरला. त्याआधी कित्येक शतके इजिप्तमधील कारागीर अंडे पापणीला लावून भट्टीची उष्णता ओळखत असत. या तिन्ही पद्धतींत निर्णय घेणारी गोष्ट भट्टीपाशीच होती, मग तो पारा असो की माणूस. स्मार्ट उपकरणांनी बदलले आहे ते नेमके हे.

शेडमधील तापमापक आणि शेडमधील प्लग यांच्यात दोन हातांचे अंतर असते. तरीही अनेक उपकरणांत एकाचा निरोप दुसऱ्याला पोहोचतो तो दूरच्या सर्व्हरमार्गे. इंटरनेट खंडित झाले की दोघांचा संवाद तुटतो आणि दिवे ज्या अवस्थेत असतील त्याच अवस्थेत राहतात. दुसरी अडचण आणखी घातक आहे. वीज जाऊन परत आल्यावर प्लगने चालू व्हायचे की बंदच राहायचे, हे त्याच्या सेटिंगवर ठरते. घरात तो बंद राहणे सुरक्षिततेचे असते. ब्रूडरमध्ये मात्र वीज पहाटे दोनला परत येऊनही दिवे लागत नाहीत आणि सकाळी गारठून एकमेकांवर चढलेल्या, गुदमरलेल्या पिल्लांचा ढीग दिसतो.

घर आणि शेड यांतले आणखी काही फरक ध्यानात घ्यायला हवेत. बऱ्याच घरगुती थर्मोस्टॅटची वरची मर्यादा ३० ते ३२ अंशांच्या आसपास असते, तर ब्रूडरला ३५ अंश हवेत. भिंतीवर माणसाच्या उंचीला लावलेला तापमापक तिथल्या हवेचे तापमान सांगतो. पिल्लू मात्र गादीपासून दोन-तीन इंचांवर जगते, म्हणून मोजमाप त्याच्या पाठीच्या उंचीवर व्हायला हवे. १० अँपियरचा प्लग कागदावर २३०० वॅटचा भार सोसतो. पण धूळ, तूस आणि अहोरात्र चालणारा हीटर यांच्या संगतीत त्या मर्यादेजवळ जाणे म्हणजे आगीला निमंत्रण आहे. शिवाय एकट्या तापमानावर नजर ठेवणाऱ्या यंत्राला पडदे घट्ट बंद केलेले शेड नेहमीच समाधानकारक वाटेल. आत साचलेला अमोनिया किंवा वीज गेल्यावर पेटवलेल्या बुखारीतला कार्बन मोनॉक्साइड त्याला दिसत नाही. अनुभवी पालक ते पिल्लांवरून ओळखतो. दिव्याखाली गोळा झालेली पिल्ले थंडी सांगतात, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकणारी उष्णता सांगतात, आणि सर्वत्र सारखी पसरलेली पिल्ले सारे ठीक असल्याचे सांगतात.

हा विषय धोरणाच्या चर्चेत आणण्याचे कारण त्याच्या व्याप्तीत आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या व इतर पाळीव पक्षी होते. त्यांपैकी सुमारे ३२ कोटी परसातले होते, आणि परसातील ही संख्या आधीच्या गणनेपेक्षा जवळपास ४६ टक्क्यांनी वाढली होती. ग्रामीण कुक्कुटपालनाच्या सरकारी योजनांचा कणा ‘मदर युनिट’ हा आहे. एक दिवसाची पिल्ले तिथे सुमारे चार आठवडे सांभाळली जातात आणि मग गरीब कुटुंबांना दिली जातात. सर्वांत नाजूक काळ कुटुंबाच्या वाट्याला येऊ नये, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. पण त्यामुळे जोखीम एका छपराखाली एकवटते. तिथली एक बिघडलेली रात्र अनेक घरांचे उत्पन्न घेऊन जाते. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१-२२ पासून अशा उद्योगांना भांडवली खर्चाच्या ५० टक्के, कमाल २५ लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. सार्वजनिक पैसा इथे खर्च होतो, तेव्हा नियंत्रक कसा असावा हे सांगण्याचा अधिकार आणि जबाबदारी शासनाकडे येते.

त्यासाठी मोठ्या समितीची गरज नाही. अटी मोजक्या आणि तपासता येण्याजोग्या आहेत. इंटरनेटशिवाय शेडमध्येच निर्णय घेणारा साधा थर्मोस्टॅट असावा, मोबाइल केवळ पाहण्यासाठी आणि सूचना मिळण्यासाठी असावा. वीज परतल्यावर यंत्राने स्वतःहून कामाला लागावे. तापमान हद्दीबाहेर गेले की बॅटरीवर चालणारा भोंगा वाजावा, आणि वीज नसताना ऊब देण्याची पर्यायी सोय हवा खेळती ठेवून केलेली असावी. बरेलीजवळची केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आणि हैदराबादचे कुक्कुट संशोधन संचालनालय ही उपकरणे प्रत्यक्ष शेडमध्ये तपासू शकतात. कृषी विज्ञान केंद्रे ती वापरण्याचे शिक्षण देऊ शकतात. तपासणी अधिकाऱ्याने यंत्र बसवल्याचे छायाचित्र घेऊन परतू नये. मुख्य बटण बंद करून पुन्हा चालू करावे आणि काय होते ते पाहावे. त्याला पाच मिनिटे लागतात.

राहिला प्रश्न नोंदींच्या मालकीचा. तमिळनाडूतील पल्लडम परिसरापासून अनेक राज्यांत ब्रॉयलर कोंबड्या कराराने वाढवल्या जातात. पिल्ले आणि खाद्य कंपनीचे, शेड, वीज आणि श्रम शेतकऱ्याचे, आणि मोबदला वजन, मरतुक व खाद्याच्या वापरावरून. अशा व्यवहारात शेडच्या तापमानाची दर मिनिटाची नोंद हा पुरावा असतो. ती केवळ कंपनीला दिसत असेल, तर मरतुकीचे खापर शेतकऱ्यावर फोडणे सोपे होते. ती त्याच्याही हाती असेल, तर पिल्ले मुळातच अशक्त आली होती, हे तो दाखवू शकतो. म्हणून ही नोंद दोन्ही पक्षांना सारखीच उपलब्ध राहील, असे कलम करारात हवे. राज्यांनी आदर्श करारनामे तयार करताना ते घातले, तर एका स्वस्त उपकरणाचा उपयोग ते विकत घेणाऱ्या शेतकऱ्यालाही होईल.