मावळतीचा कुलाबा, तैलरंगात

अलिबागच्या किनाऱ्यावरून पाहिले, तर सूर्य कुलाबा किल्ल्याच्या बाजूलाच मावळतो आणि तटबंदीची नुसती काळी आकृती उरते. रोमँटिक शैलीचे सागरचित्र शिकणाऱ्याला यासारखा विषय शोधून सापडणार नाही.

या शैलीत निसर्ग विराट आणि माणूस इवलासा असतो. जर्मन चित्रकार कास्पार डाविड फ्रीडरिखने १८०८ ते १८१० या काळात समुद्रकाठचा एकटा साधू रंगवला. त्यात बहुतेक कॅनव्हास आकाशानेच व्यापला आहे. कुलाबा रंगवतानाही क्षितिज खाली घ्यावे. ओहोटीत किल्ल्याकडे चालत निघालेली माणसे ब्रशच्या एकेका टिपक्याएवढीच ठेवावीत.

किनाऱ्यावर फक्त रेखाटन करावे, रंगांच्या नोंदी लिहाव्यात. उजेड थांबत नाही. इंग्लंडचा टर्नरही वह्या भरून रेखाटने करी आणि तैलचित्रे स्टुडिओत रंगवी.

घरी कॅनव्हासवर आधी बर्न्ट सिएनाचा टर्पेंटाइनने पातळ केलेला हात द्यावा. किल्ल्यासाठी ट्यूबमधला काळा नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून होणारा काळा जिवंत दिसतो. वरच्या थरांत जवसाचे तेल वाढवत न्यावे, नाहीतर पुढे रंगाला भेगा पडतात. मावळतीची झळाळी शेवटी, पारदर्शक पातळ थरांनी आणावी. प्रत्येक थर वाळायला काही दिवस लागतात, कोकणातल्या पावसाळ्यात आणखी जास्त. इथे घाई केली की चित्र मळलेच.

रेखाटनासाठी किल्ल्यापर्यंत पायी जायचे असेल, तर भरती-ओहोटीच्या वेळा स्थानिकांना आधी विचारून घ्या.