ऐनाच्या झाडावरचा टसर पतंग

रेशीमकिडा म्हटले की आपल्याला तुतीची पाने आणि परडीतल्या पांढऱ्या अळ्या आठवतात. पण भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत ज्याला 'कोसा' म्हणतात, ते रेशीम निराळ्याच पतंगाचे. हा टसर पतंग. विदर्भाप्रमाणेच तेलंगण, छत्तीसगड, झारखंड, ओडिशा येथील जंगलांतही तो आढळतो.

त्याचे शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिटा. ड्रुरी या इंग्रज संग्राहकाने १७७३ मध्ये त्याचे वर्णन केले. तुतीचा पतंग आणि टसर, दोघेही लेपिडॉप्टेरा, म्हणजे खवलेपंखी कीटकांच्या गणातले. मात्र पहिला बॉम्बिसिडी कुळातला, तर टसर सॅटर्निडी कुळातला. भलामोठा ॲटलस पतंग हा टसरचा भाऊबंद. कुळापेक्षाही मोठा फरक आहे तो स्वभावात. हजारो वर्षे माणसाळलेल्या तुतीच्या पतंगाला आता उडताही येत नाही. टसर मात्र रानटीच राहिला. त्याच्या अळ्या ऐन, अर्जुन, साल यांच्या झाडांवरच सोडाव्या लागतात आणि पाखरे, मुंग्या, गांधीलमाश्या यांच्यापासून दिवसभर राखाव्या लागतात. विदर्भात धीवर समाजातील अनेक कुटुंबे हे काम करीत आली आहेत.

पतंगाच्या प्रत्येक पंखावर डोळ्यासारखा एक ठिपका असतो व त्याच्या मध्यभागी अभ्रकासारखी पारदर्शक खिडकी! नराच्या शृंगिका पिसांसारख्या रुंद असतात. मादीचा गंध तो त्यांनीच टिपतो. प्रौढ पतंग काहीच खात नाही. अळी असताना साठविलेल्या शिदोरीवर तो काही दिवस जगतो. मादी दीडदोनशे अंडी घालते. आठ-दहा दिवसांत अळ्या बाहेर येतात, चार वेळा कात टाकतात आणि महिन्याभराने किंवा थोड्या अधिक काळाने बोटभर जाड, हिरव्यागार होतात. मग अळी फांदीभोवती रेशमाचे कडे करते, त्याला देठ जोडते आणि देठाला लोंबणारा, अंड्याच्या आकाराचा टणक कोश विणते. त्यातून बाहेर पडताना पतंग तोंडातून एक पाचक रस सोडून कोशाचे टोक मऊ करतो.

पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत अशा दोन, क्वचित तीन पिढ्या होतात. शेवटच्या पिढीचा कोशित मात्र बाहेर येत नाही. तो झोपी जातो. उन्हाळ्याच्या तोंडाशी ऐन निष्पर्ण होतो, तेव्हा अळ्या जन्मल्या तर खातील काय? ही झोप पाऊस येईपर्यंत टिकते.

टसर उत्पादकाचे सारे वर्ष या झोपेवर अवलंबून असते. सूत काढण्यासाठी बहुतेक कोश आतील कोशितासह वाफवले जातात. पुढच्या हंगामासाठी थोडे 'बीजकोश' राखून ठेवतात. पण उन्हाळा फार कडक झाला, तर त्यांतील काही पतंग वेळेआधीच बाहेर पडतात. नर आज निघाला आणि मादी आठवड्याने, तर जोडी जमायची कशी? जमली तरी अळ्यांना कोवळा पाला कुठला? बीज तेवढे वाया जाते. म्हणून बीजकोशांच्या माळा उन्हाळाभर थंड, हवेशीर जागी टांगून ठेवतात.