प्रोजेक्टरला स्पीकर जोडायचाय? दुकानात जाण्याआधी मागचे पोर्ट बघा

हुबळी : भिंतीवर शंभर इंची चित्र आणि आवाज मात्र डबीतून आल्यासारखा. घरात प्रोजेक्टर आणला की आठवडाभरात हीच कुरकुर सुरू होते. तरुणांना फारसं जाणवत नाही. आजी-आजोबांना मात्र मराठी नाटकातलं निम्मं संभाषण कळत नाही, आणि मराठी नुकतंच शिकत असलेल्या कानडी सूनबाईंना तर शब्द स्पष्ट आले नाहीत तर सगळंच अवघड.

दोष प्रोजेक्टरचा म्हणावा तर तसा नाही. त्या पेटीत दिवा, भिंगं, पंखा यांनीच जागा खाल्लेली असते. स्पीकरला उरते ती हाताच्या तळव्याएवढी जागा. एवढ्याशा स्पीकरमधून खर्जाचे सूर निघतच नाहीत. हुबळीत राहिलेल्या गंगूबाई हनगल यांचा भारदस्त, खालच्या पट्टीतला आवाज अशा स्पीकरवर ऐकला तर तो त्यांचा वाटणारच नाही. डग्ग्याची घुमारी, तानपुऱ्याचा खर्ज दोन्ही गायब. त्यात प्रोजेक्टर असतो छताला, बघणाऱ्यांच्या मागे. पात्र समोर बोलतं आणि आवाज डोक्यामागून येतो! म्हणून बाहेरचा स्पीकर हवाच, आणि तो पडद्याजवळ, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा.

आता जोडायचं कसं? इथेच पैसे वाया जातात. कोप्पीकर रोडवर किंवा धारवाडच्या सुभाष रोडवर जाऊन थेट साउंडबार आणला जातो, एचडीएमआय वायर जोडली जाते आणि आवाज शून्य. कारण प्रोजेक्टरचा साधा एचडीएमआय पोर्ट आत घेणारा असतो, बाहेर देणारा नाही. त्यातून आवाज परत बाहेर काढायची सोय असेल तर पोर्टशेजारी ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ असं छापलेलं असतं, आणि साउंडबारच्या पोर्टवरही तेच लागतं. एआरसी २००९ साली एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीत आलं, तरी स्वस्त प्रोजेक्टरांत ते आजही नसतं. सोपा उपाय म्हणजे मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि तोच दुकानदाराला दाखवायचा.

बहुतेक प्रोजेक्टरांना हेडफोनची ३.५ मिलिमीटरची भोकं असतात. तेवढं पुरतं की हो. एका टोकाला ही पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना असलेली वायर घेतली, तर माळ्यावर पडलेला जुना डेक किंवा ॲम्प्लिफायरसुद्धा कामाला येतो. त्याचे मोठे लाकडी स्पीकर कित्येक नव्या स्वस्त साउंडबारपेक्षा सरस वाजतात. छतापासून पडद्यापर्यंत आठ-दहा मीटर वायर लागली तरी हरकत नाही, फक्त ती जाळीचं आवरण असलेली, म्हणजे शिल्डेड घ्यावी.

पण त्याहून चांगला मार्ग वेगळाच आहे. आवाज प्रोजेक्टरपर्यंत न्यायचाच कशाला? सेट-टॉप बॉक्सचं चित्र एचडीएमआयने प्रोजेक्टरला द्यायचं आणि त्याच बॉक्सच्या लाल-पांढऱ्या पोर्टमधून आवाज थेट ॲम्प्लिफायरला. लॅपटॉप असेल तर त्याच्या हेडफोनच्या भोकातून. साउंडबारला एचडीएमआयचे ‘इन’ आणि ‘आउट’ दोन्ही असतील तर स्टिक साउंडबारला लावायची आणि तिथून चित्र पुढे प्रोजेक्टरला पाठवायचं. तसं नसेल तर ‘ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर’ नावाची छोटी डबी मध्ये बसवता येते. ती आवाज वेगळा काढून देते. ॲप प्रोजेक्टरच्या आतच चालत असतील तर मात्र हा मार्ग बंद, आवाज प्रोजेक्टरमधूनच घ्यावा लागतो.

ऑप्टिकल वायर जोडूनही स्पीकर गप्प बसला तर वायर बदलायच्या आधी सेटिंगमध्ये आवाजाचा प्रकार ‘पीसीएम’ करून बघावा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

आणि ब्लूटूथ? वायर नको म्हणून सगळे आधी तिकडेच वळतात. पहिली अडचण ही की काही प्रोजेक्टरांचं ब्लूटूथ फक्त आत घेतं. फोनवरची गाणी प्रोजेक्टरवर वाजतात, पण प्रोजेक्टरचा आवाज स्पीकरवर जात नाही. खोक्यावर नुसतं ‘ब्लूटूथ’ लिहिलंय म्हणून भुलू नये, दुकानातच स्पीकर जोडून दाखवायला सांगावं. दुसरी अडचण उशिराची. आवाज आकुंचित करून पाठवायचा, पलीकडे तो पुन्हा उलगडायचा, यात साध्या ब्लूटूथवर एक-दोन दशांश सेकंद सहज जातात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे १२५ मिलिसेकंद मागे पडला की माणसाला ते जाणवू लागतं. उलट आवाज चित्राच्या पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांतच खटकतं. ते साहजिकच म्हणायचं. वळवाच्या पावसात वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो, आणि कान त्याच क्रमाला सरावलेला असतो. सिनेमात ओठ मागे-पुढे झालेले एकवेळ चालतील, पण तबल्यावर बोट पडतं आणि ‘ना’ नंतर ऐकू येतो, हे गाणं ऐकणाऱ्या घरात चालत नाही.

थेट वायरीने आवाज घेतला तर कधी उलटं होतं. प्रोजेक्टर चित्रावर प्रक्रिया करत बसतो आणि आवाज पुढे निघून जातो. त्यासाठी साउंडबार किंवा स्टिकच्या सेटिंगमध्ये ‘ऑडिओ डिले’ शोधावा. बातम्यांचा निवेदक लावून थोडं थोडं वाढवत ओठांशी शब्द जुळवून घ्यावा. प्रोजेक्टरवर ‘गेम मोड’ असेल तर तो सुरू केल्यावरही फरक कमी होतो.

सगळं जोडल्यावर स्पीकरमधून ‘हूंऽऽ’ असा घुमणारा आवाज येत राहिला तर बहुधा अर्थिंगची गडबड असते. प्रोजेक्टर एका भिंतीच्या प्लगवर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या, मध्ये लांब वायर, असं झालं की तो येतो. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून बघावं. तरीही राहिला तर ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ मागावा, तो वायरीच्या मध्ये बसतो. काही जण प्लगची तिसरी, जाडी पिन काढून टाकतात. घूं घूं थांबते खरी, पण तीच पिन शॉकपासून वाचवत असते. ती काढू नये. भिंतीतलंच अर्थिंग कच्चं असेल, तर स्पीकर बाजूला ठेवून आधी वायरमनला बोलवावं.