नवरा परागंदा, सातबारा जागेवर

वराळ्याच्या आमच्या वस्तीतली एक भगिनी दोन लेकरांना घेऊन माहेरी आली, त्याला तीन वर्षे झाली. नवरा कोठे आहे हे सासरचे सांगत नाहीत. "माणूसच नाही, तर पोटगी मागायची कोणाकडून?" तिची आई आम्हाला म्हणाली. घरोघरी हीच समजूत आहे, म्हणून हे लिहीत आहोत.

माणूस नसला तरी अर्ज करता येतो. पूर्वीचे कलम १२५ म्हणजे १ जुलै २०२४ पासूनचे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४. पत्नी राहते तेथेच अर्ज चालतो, म्हणजे आपल्याला वडगाव मावळ. नवरा मुद्दाम समन्स टाळतो अशी न्यायाधीशांची खात्री पटली, तर निकाल एकतर्फी होतो.

हुकूम होऊनही पैसे आले नाहीत, तर ते दंडासारखे वसूल होतात. मोटारसायकलसारखी जंगम वस्तू जप्त करून विकता येते. नाहीतर न्यायालय जिल्हाधिकाऱ्यांना वॉरंट पाठवते आणि वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होते. तेथे जमीनही सुटत नाही! मात्र हिस्सा नवऱ्याचा हवा. सासऱ्याने स्वतः कमावलेली जमीन त्यात धरू नये.

एक मुदत मात्र जीवघेणी आहे. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात वॉरंटचा अर्ज करावा लागतो. आम्ही हिशेबातले कारकून, तरी पूर्वी एका भगिनीच्या बाबतीत आम्हीच गाफील राहिलो. अर्ज सव्वीस महिन्यांनी गेला. पहिल्या चौदा महिन्यांचे पैसे वॉरंटने मिळेनात. तिला तोंड दाखवायची आम्हाला लाज वाटे.

दुसरा घोळ फरारी जप्तीचा. छळाच्या फौजदारी खटल्यात आरोपी फरारी घोषित झाला की मालमत्तेवर टाच येते. पण तो हजर झालाच नाही, तर ती सरकारच्या ताब्यात जाते, पत्नीच्या नव्हे. पोटगीचा अर्ज वेगळा करावाच लागतो.

नागपूरहून गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी सांगितले, की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोघांनी मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे. पण गैरहजर माणूस कसले प्रतिज्ञापत्र देणार? त्याचे गट नंबर आपणच शोधायचे. हिंदू कोड बिल रखडवले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, हे आम्ही दर जयंतीला सांगतो. सातबारा कसा काढावा हे विहारात कोणी सांगत नाही. तो तर आता मोबाईलवरही निघतो.

त्या माउलीच्या जावयाचे नाव चार भावांत निघाले. अर्ज दाखल झाला आहे.