विश्लेषण : जुन्या ‘फायबर’ स्पोर्ट्स कारची बॉडी घरी दुरुस्त करता येते? बुजवलेली भेग पुन्हा का उमटते?

पत्रा ठोकावा लागत नाही, वेल्डिंग लागत नाही आणि गंजाची भीतीही नाही. त्यामुळे फायबरग्लासची बॉडी असलेली जुनी स्पोर्ट्स कार घरच्या गॅरेजमध्ये दुरुस्त करण्याचा छंद अमेरिका आणि ब्रिटनमध्ये अनेक दशके टिकून आहे. शेवरोले कॉर्व्हेट हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. मात्र, महिनोन्महिने घासून, रंगवून चकचकीत केलेल्या गाडीवर काही महिन्यांतच जुनी भेग पुन्हा दिसू लागते, हा अनुभवही तितकाच नेहमीचा आहे. असे का होते, दुरुस्तीची योग्य पद्धत कोणती आणि यातील कोणते काम घरी मुळीच करू नये, याविषयी…

कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची का?

जनरल मोटर्सने जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कमधील प्रदर्शनात कॉर्व्हेट पहिल्यांदा मांडली आणि ३० जून १९५३ रोजी मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे पहिली गाडी तयार झाली. त्या वर्षी फक्त ३०० गाड्या बनल्या. पोलादी पत्रा दाबून बॉडी बनवायची तर त्यासाठी लागणारे मोठे साचे महाग असतात आणि ते तयार व्हायला वेळही लागतो. कमी संख्येने बनणाऱ्या गाडीसाठी हा खर्च परवडणारा नव्हता. फायबरग्लासमध्ये वळणदार आकार तुलनेने स्वस्तात काढता येत होते. ब्रिटनमध्ये लोटस कंपनीने १९५७ च्या ‘एलिट’मध्ये याच्याही पुढे जाऊन गाडीचा मूळ सांगाडाच फायबरग्लासचा केला. १९६२ च्या ‘एलान’मध्ये मात्र पोलादी चासीवर फायबरग्लासची बॉडी होती.

फायबरग्लास म्हणजे नेमके काय?

काचेचे बारीक तंतू आणि त्यांना धरून ठेवणारे रेझिन, यांचे हे मिश्रण आहे. सिमेंट काँक्रीटमधील सळईचे उदाहरण घेतले तर ते लवकर समजते. काँक्रीट दाब सोसते, पण ताण आला की तडकते. तो ताण सळई घेते. फायबरग्लासमध्ये सळईचे काम काचेचे तंतू करतात. रेझिन त्यांना जागेवर ठेवते आणि ताण एका तंतूकडून दुसऱ्याकडे पोहोचवते. पाण्याच्या टाक्या, मंडपातील कमानी आणि कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरील छोट्या मासेमारी होड्या याच पदार्थाच्या असतात. होडीला तडा गेल्यावर किनाऱ्यावरचे कारागीर मॅट आणि रेझिन लावून तो भरतात. गाडीच्या दुरुस्तीचे तत्त्वही तेच आहे. फरक एवढाच, की गाडीवर आरशासारखा रंग लागतो आणि त्यात आतली प्रत्येक चूक दिसते.

बुजवलेली भेग पुन्हा का उमटते?

पहिले कारण पुट्टी. भेगेवर पुट्टी भरून घासली, की पृष्ठभाग लगेच सपाट दिसतो. पण पुट्टीत काचेचे लांब तंतू नसतात, म्हणजे ‘सळई’च नसते. गाडी खड्ड्यातून गेली, दार जोरात आपटले किंवा बॉनेट उन्हात तापून प्रसरण पावले, की जुन्या भेगेच्या दोन्ही कडा पुन्हा हलतात. पुट्टी ती हालचाल सोसू शकत नाही आणि रेघ वर येते.

दुसरे कारण घाई. पॉलिस्टर रेझिन घट्ट होताना आकसते आणि हाताला कडक लागले तरी आत ही प्रक्रिया पुढे बरेच दिवस चालू असते. त्याआधीच रंग दिला, तर दुरुस्तीची सीमारेषा किंवा कापडाची वीण नंतर रंगातून दिसू लागते.

तिसरे कारण भेगेच्या मुळाशी असते. जुन्या कॉर्व्हेटची बॉडी अनेक पॅनेल मागून पट्ट्या चिकटवून जोडलेली असते. मडगार्डच्या वर सरळ रेषेत आलेली भेग अनेकदा या जोडाची असते. चासी आणि बॉडी यांच्यामधले माउंट कुजले असतील किंवा जॅक चुकीच्या जागी लावला गेला असेल, तर बॉडीला पीळ बसतो. हे मूळ कारण तसेच ठेवून केलेली दुरुस्ती टिकत नाही.

लोटससारख्या गाड्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे दिसतात, ते वेगळे. तिथे साच्यातच दिलेला जेलकोटचा थर असतो. त्यात तंतू नसल्याने तो ठिसूळ असतो. असे तडे वरवर न बुजवता तेवढ्या भागातील जेलकोट घासून काढावा लागतो. कॉर्व्हेटची पॅनेल धातूच्या जोडसाच्यांत दाबून बनवत असल्याने त्यावर जेलकोट नसतो.

मग या गाड्या गंजत नाहीत, हे खरे का?

अर्धेच खरे. बाहेरची कातडी गंजत नाही, पण आतले पोलाद गंजते. १९६३ पासूनच्या कॉर्व्हेटमध्ये पुढची काच, दारांच्या चौकटी आणि छताभोवती पोलादी सांगाडा आहे. छंदी मंडळी त्याला ‘बर्डकेज’ म्हणजे पक्ष्याचा पिंजरा म्हणतात. काचेच्या रबरातून झिरपणारे पाणी त्यात साचते. बाहेरून गाडी नवी दिसते आणि आत पिंजरा पोखरलेला असतो. अपघात झाल्यास प्रवाशाला वाचवायचे असते ते याच भागाने. त्यामुळे रंगाचा विचार करण्याआधी काचेच्या खालचे कोपरे, बॉडी माउंट आणि चासीचा मागचा भाग टॉर्च लावून पाहणे ही पहिली पायरी ठरते. पोलाद सडले असेल तर ते काम वेल्डरचे आणि ते आधी व्हायला हवे. फायबरग्लासचे थर सुटले आहेत का, हे ओळखायला नाण्याने हलकेच ठोकून पाहतात. चांगल्या भागात आवाज टणक येतो, सुटलेल्या भागात बद्द.

जुना रंग काढताना काय चुकते?

पत्र्यावरचा रंग काढणारी तीव्र रसायने फायबरग्लासवर लावली तर ती रेझिनमध्येही मुरतात आणि पुढे नव्या रंगाला फोड आणतात. मिथिलीन क्लोराईड असलेले पेंट रिमूव्हर तर माणसासाठीही घातक आहेत. बंदिस्त जागेत त्याच्या वाफेने मृत्यू झाले आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१९ मध्ये असे रिमूव्हर सामान्य ग्राहकांना विकण्यावर बंदी घातली. वाळूचा मारा करणारे सँडब्लास्टिंगही टाळले जाते, कारण त्याने तंतू उघडे पडतात. घरी काम करणारे अनेक जण धारदार पाते तिरके धरून जुन्या रंगाचे थर खरवडतात आणि उरलेला रंग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासतात. वेळखाऊ असले तरी हे पॅनेलसाठी सुरक्षित आहे. एक क्रम महत्त्वाचा : आधी मेण आणि तेलकटपणा पुसायचा, मग घासायचे. उलट केले तर पॉलिशमधील सिलिकॉन पॅनेलमध्ये घासले जाते आणि रंग जागोजाग फाटतो.

भेग भरण्याची योग्य पद्धत कोणती?

भेग बुजवण्याआधी ती मोठी करावी लागते. ग्राइंडरने दोन्ही बाजूंनी लांब उतार काढतात. पॅनेलच्या जाडीच्या साधारण १२ पट उतार हा कंपोझिट दुरुस्तीतला चांगला दंडक मानला जातो. म्हणजे ३ मिलिमीटर जाडीच्या पॅनेलला प्रत्येक बाजूला साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. उतार जितका लांब, तितका जुन्या आणि नव्या तंतूंचा परस्परांशी संपर्क जास्त आणि तितका ताण विभागला जातो. शक्य असेल तिथे पॅनेलच्या मागूनही मॅट लावतात.

रेझिनमध्ये हार्डनर वजनाच्या १ ते २ टक्के पडतो. तो अंदाजाने न ओतता छोट्या वजनकाट्यावर मोजणे चांगले. जास्त पडला तर मिश्रण तापते, ठिसूळ होते आणि डब्यातच धुमसू शकते. फार कमी पडला तर ते आतून कच्चे राहते. मॅट कात्रीने न कापता हाताने फाडली, तर कडा विरळ होऊन बेमालूम मिसळते. प्रत्येक थरातील हवेचे बुडबुडे रोलरने बाहेर काढावे लागतात. अडकलेला बुडबुडा उन्हात फुगून रंगावर फोड आणतो.

रेझिनची निवड गाडीच्या वर्षावरही ठरते. १९७० च्या दशकात कॉर्व्हेटमध्ये दाबून बनवलेल्या एसएमसी या वेगळ्या मिश्रणाची पॅनेल आली. त्यावर साधे पॉलिस्टर रेझिन नीट धरत नाही. त्यासाठी इपॉक्सी किंवा खास चिकटद्रव्य वापरतात. इपॉक्सीसोबत मात्र नेहमीच्या मॅटऐवजी विणलेले काचकापड घेतात. कारण मॅटमधील तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिस्टरमधील स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत तसा विरघळत नाही.

पुट्टी येते ती या सगळ्यानंतर, अगदी पातळ. मग लांब फळीवर पॉलिश पेपर लावून घासायचे. बोटांनी घासले तर बोटांच्याच आकाराचे खळगे पडतात.

आरोग्याला धोका कितपत?

खरा धोका इथेच आहे आणि घरात लहान मुले असतील तर तो आणखी वाढतो. पॉलिस्टर रेझिनमधून स्टायरीनची वाफ निघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले. घासताना उडणारी काचेची धूळ त्वचेला खाजवते आणि श्वासावाटे आत जाते. जुन्या रंगात शिसेही असू शकते. कापडी किंवा साधा सर्जिकल मास्क इथे उपयोगाचा नाही. धुळीसाठी नीट बसणारा रेस्पिरेटर आणि वाफेसाठी ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिज लागते. पाणी लावून घासले तर धूळ कमी उडते. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत.

हार्डनर म्हणून वापरले जाणारे एमईकेपी डोळ्यात उडाले तर दृष्टी जाऊ शकते. त्यामुळे गॉगल अनिवार्य. दुकानात रेझिन, कोबाल्ट अ‍ॅक्सिलरेटर आणि हार्डनर वेगवेगळ्या बाटल्यांत मिळतात. अ‍ॅक्सिलरेटर आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नयेत. त्याचा स्फोट होऊ शकतो. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचे, मगच दुसरे.

भारतात अशा गाड्या आहेत का?

मोजक्या आहेत. बेंगळूरुच्या सिपानी कंपनीने १९८० च्या दशकात ब्रिटनच्या रिलायंट किटनवर आधारित ‘डॉल्फिन’ ही फायबरग्लास बॉडीची छोटी गाडी आणली होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेली ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनी स्पोर्ट्स कारही फायबरच्या बॉडीची. अशा गाडीचे तयार पॅनेल मिळणे अवघड असते, त्यामुळे आहे तीच बॉडी वाचवणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

घरी किती करावे आणि कुठे थांबावे?

तपासणी, रंग काढणे, भेगा भरणे, घासणे आणि प्रायमरपर्यंतची तयारी मोकळ्या, हवेशीर जागेत आणि योग्य साधनांसह घरी करता येते. बहुतेक वेळ यातच जातो आणि बाहेर दिल्यास मजुरीही याचीच लागते. अंतिम रंग मात्र बूथमध्येच द्यावा. हार्डनर असलेल्या टू-के पॉलियुरेथेन रंगात आयसोसायनेट असतात. ते फुप्फुसात गेल्यास कायमचा दमा जडू शकतो आणि वासावरून ते ओळखता येत नाहीत. व्यावसायिक रंगारी त्यासाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क वापरतात. आणि प्रायमर मारल्यावर बूथची तारीख लगेच घेऊ नये. गाडी काही आठवडे ऊन-सावलीत उभी ठेवली, तर जे आकसायचे ते रंगाआधीच आकसते आणि उमटायची ती भेग प्रायमरवरच दिसते. तिथे ती पुन्हा खोलून भरता येते. रंगानंतर दिसली, तर सगळे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.