खेळांची उतरंड

मोताळा तालुक्यातला शेतकरी कापूस विकायला नेतो तेव्हा त्या कापसाची प्रत धाग्याची लांबी, ओलावा आणि कचरा या मोजता येणाऱ्या गोष्टींवरून ठरते. ओलावा ८ टक्क्यांच्या आत असेल तर सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, पूर्ण हमीभाव देते, ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर त्या प्रमाणात भाव कापते आणि १२ टक्क्यांच्या वर गेला तर कापूस घेतच नाही. मोजणारा माणूस बदलला तरी आकडा बदलू नये, ही या प्रतवारीमागची अट असते. आवडीची क्रमवारी मात्र मुळातच निराळी, कारण तिथे मापही माणूस, मोजणाराही माणूस आणि ज्याच्यासाठी मोजायचे तोही तोच माणूस. व्हिडिओ गेमची एखादी लांबलचक यादी हाती घ्यावी, तिच्यातला एकेक खेळ खेळत जावे आणि खेळता खेळताच त्यांचा आपल्या आवडीप्रमाणे क्रम लावावा, हा छंद आज जगभरच्या खेळाडूंमध्ये रुजलेला आहे. वरवर पाहता फावल्या वेळातला हा उद्योग प्रत्यक्षात आपली आवड नेमकी कशी बनते हे तपासण्याची एक चांगली रीत आहे, आणि म्हणूनच तो नीट समजून घेण्याजोगा आहे.

महाराष्ट्रातल्या गावांना अशी यादी प्रथम भेटली ती कॅसेटमधून. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिकॉम’ हे दूरचित्रवाणी संचाला जोडायचे खेळयंत्र बाजारात आणले. त्याच्या स्वस्त नकला नव्वदच्या दशकात भारतभर पसरल्या आणि घरोघरी ‘टीव्ही गेम’ याच नावाने ओळखल्या गेल्या. यंत्राच्या खाचेत बसवायच्या प्लॅस्टिकच्या डबीला सगळे ‘कॅसेट’ म्हणत, मात्र तिच्यात फीत नसे. आत एक छोटी पाटी आणि तिच्यावर खेळाची आज्ञावली साठवलेली चिप असे, आणि पाटीच्या कडेचे तांब्याचे दात यंत्राला नीट टेकले नाहीत की पडद्यावर नुसते रंगीत चौकोन दिसत. मग कॅसेट काढायची, दातांवर जोरात फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची, हा विधी ज्यांचे बालपण त्या काळात गेले त्यांना वेगळा सांगावा लागत नाही. फुंकरीतल्या ओलाव्याने धातू खराब होतो म्हणून निन्टेन्डो या प्रकाराविरुद्ध बजावत असे, पण कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने दात सरळ टेकत आणि खेळ सुरू होई, त्यामुळे श्रेय फुंकरीलाच मिळत राहिले.

यातल्या पुष्कळ कॅसेटींवर ‘९९९९९९ इन १’ असा भरघोस आकडा छापलेला असे. यंत्र चालू केले की पडद्यावर नावांची यादी उमटे, बाणाचे बटण दाबत खाली जावे तशी पानामागून पान येई, आणि थोड्याच वेळात लक्षात येई की नावे वेगळी असली तरी खेळ तेच आहेत. एके ठिकाणी मारिओ पहिल्या लेव्हलपासून सुरू होई, दुसऱ्या नावाखाली तोच मारिओ चौथीपासून. ‘कॉन्ट्रा’ एका ओळीत तीन लाइफ देई तर दुसरीत तीस. एकाच आज्ञावलीला वेगवेगळ्या ठिकाणाहून सुरुवात करून देणारी ही युक्ती होती आणि आकडा कितीही मोठा असला तरी खरोखर वेगळे खेळ मोजकेच निघत. ही लबाडी व्यापारी होती, तरी तिने क्रम लावणाऱ्यापुढे पहिला खरा प्रश्न उभा केला: यादीतले एक पद म्हणजे काय? तीन लाइफचा ‘कॉन्ट्रा’ श्वास रोखून, प्रत्येक गोळी चुकवत खेळावा लागतो, तर तीस लाइफचा ‘कॉन्ट्रा’ दोघा भावांनी शेजारी बसून हसतखेळत शेवटपर्यंत नेता येतो. खेळ एक, पण अनुभव दोन. अशा वेळी खेळ एकदाच मोजावा आणि तो कोणत्या रूपात खेळला हे नावापुढे लिहून ठेवावे, हेच योग्य. नाहीतर यादी लांबते आणि क्रमाला काही अर्थ उरत नाही.

त्या यंत्रांची आणखी एक गोष्ट आवडीच्या मुळाशी जाते. त्या काळच्या बहुतेक कॅसेटींत खेळ जपून ठेवण्याची सोय नव्हती, म्हणजे यंत्र बंद पडले की झालेली सारी प्रगती पुसली जाई. ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमनाच्या वर्षांत वीज वेळापत्रकाप्रमाणे आणि पुष्कळदा वेळापत्रक सोडूनही जात असे, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटांत रंगात येणारे ‘रोड फायटर’, ‘सर्कस चार्ली’ किंवा रणगाड्यांचा ‘बॅटल सिटी’ असे खेळ अशा घरांत जवळचे वाटणे स्वाभाविक होते आणि तासन्‌तास चालणाऱ्या लांब खेळांना संधीच मिळत नसे. आवड ही केवळ मनाची निवड असते असे मानणाऱ्याने हा दुवा विसरू नये. वीज, वेळ, घरातला एकच टीव्ही आणि त्याच्यासमोर बसलेली वडीलधारी मंडळी यांनीही क्रम लावलेला असतो.

आता प्रत्यक्ष क्रम लावण्याच्या रीतीकडे वळता येईल. सर्वांत प्रचलित रीत म्हणजे दहापैकी गुण देणे. जपानच्या ‘फामित्सू’ या १९८६ पासून निघणाऱ्या नियतकालिकात चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि त्यांची बेरीज चाळीसपैकी छापली जाते. पूर्ण चाळीस गुण प्रथम मिळाले ते १९९८ साली ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’ या खेळाला. नवीन खेळ विकत घ्यावा की नाही हे ठरवणाऱ्या ग्राहकाला अशा गुणांचा उपयोग होतो, परंतु स्वतःची आवड शोधणाऱ्याला ते फसवतात. जानेवारीत दिलेले आठ आणि ऑगस्टमध्ये दिलेले आठ एकाच वजनाचे नसतात, कारण मधल्या महिन्यांत देणाऱ्याची फूटपट्टीच सरकलेली असते. शिवाय नावडते खेळ माणूस अर्ध्यावर सोडतो, त्यामुळे शेवटी सगळी यादी सात आणि नऊ यांच्यामध्ये दाटीवाटीने उभी राहते आणि कोणता खेळ खरोखर वर आहे हे सांगता येत नाही.

याहून प्रामाणिक रीत आहे ती दोन-दोन खेळ समोरासमोर ठेवण्याची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लुई थर्स्टन यांनी १९२७ मध्ये तौलनिक निर्णयाचा नियम मांडला. ज्या गोष्टींना फूटपट्टी लावता येत नाही, त्यांच्या जोड्या माणसापुढे ठेवून ‘या दोहोंत अधिक कोणते’ एवढेच विचारले, तर अशा अनेक उत्तरांतून एक मोजपट्टी उभी करता येते, असे त्यांनी दाखवले. अडचण एवढीच की जोड्यांची संख्या झपाट्याने वाढते. १०० खेळांच्या ४,९५० जोड्या होतात, आणि इतक्या वेळा स्वतःला विचारण्याचा धीर कोणाला नसतो.

त्यावर तोडगा आहे. जुन्या घरांत मडक्यांची उतरंड असे; नवे मडके मधे बसवायचे तर वरची तेवढी उतरवायची, खालच्यांना हात लावायचा नाही. खेळांच्या उतरंडीत नवा खेळ याच पद्धतीने बसवता येतो, फक्त त्याची जागा शोधायला आधी मधोमध हात घालायचा. समजा वहीत १५ खेळ क्रमाने लिहिलेले आहेत आणि नुकताच खेळून संपवलेला सोळावा खेळ बसवायचा आहे. त्याची पहिली तुलना आठव्या क्रमांकाशी करायची. तो आठव्याहून आवडला असेल तर खालच्या सात खेळांचा विचार संपला. मग चौथ्याशी तुलना. चौथ्याहून कमी वाटला तर सहाव्याशी आणि सहाव्याहून अधिक वाटला तर पाचव्याशी. एवढ्यात नव्या खेळाची जागा पाचवी की सहावी हे ठरते. चार प्रश्नांत काम झाले. यादी १०० खेळांपर्यंत वाढली तरी पुढच्या खेळाला सातांहून अधिक प्रश्न लागत नाहीत, आणि पहिल्यापासून शंभराव्यापर्यंत सगळे मिळून जास्तीत जास्त ५७३ तुलना होतात. संगणकशास्त्रात नोंदी क्रमवार लावताना हीच युक्ती वापरतात, पण वही-पेन्सिलीलाही ती तितकीच मानवते, आणि एकेक खेळ संपत जाईल तसतसा क्रम वाढवणाऱ्यासाठी तर ती अगदी सोयीची आहे.

या रीतीला एक धोका मात्र आहे. ‘अ’ हा ‘ब’पेक्षा आवडतो, ‘ब’ हा ‘क’पेक्षा, आणि तरीही ‘क’ हा ‘अ’पेक्षा, असे चक्र निघू शकते. फ्रेंच विचारवंत काँदोर्से यांनी १७८५ मध्ये मतदारांच्या समूहाबाबत हे चक्र दाखवले होते, पण एकट्या माणसाच्या मनातही ते फिरते, कारण प्रत्येक जोडीत कसोटी नकळत बदलते: एका जोडीत संगीत जिंकते, दुसरीत दोघांनी मिळून खेळण्याची मौज, तिसरीत कथा. असे चक्र सापडले की ते घाईने मोडण्यापेक्षा तिन्ही खेळ एकाच पायरीवर ठेवावेत आणि कोणत्या जोडीत काय जिंकले ते शेजारी लिहावे. माणसाच्या आवडीत किती धागे आहेत हे क्रमांकापेक्षा त्या नोंदीतून अधिक कळते.

लांब खेळांच्या बाबतीत स्मरणशक्तीही दगा देते. डॅनियल काहनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना एकदा ६० सेकंद गार पाण्यात हात ठेवायला लावला आणि दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद अधिक किंचित कमी गार पाण्यात आणखी ३० सेकंद. पुन्हा कोणता प्रकार कराल असे विचारल्यावर बहुसंख्यांनी लांबचा, म्हणजे एकूण त्रास अधिक असलेला प्रकार निवडला, कारण त्याचा शेवट सौम्य होता. अनुभवाची आठवण त्याच्या कमाल क्षणावर आणि शेवटावर बेतलेली असते, असा याचा निष्कर्ष. चाळीस तास आनंद देणारा खेळ अखेरच्या बॉसशी झालेल्या कंटाळवाण्या झुंजीमुळे मनात खाली घसरतो, तो याच कारणाने. म्हणून क्रम शेवटी लावला तरी दोन ओळींची टिपणे खेळ चालू असतानाच, निदान तीनदा तरी, करून ठेवावीत.

पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने तयार केलेला ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा २०२० साली आलेला खेळ याचे जवळचे उदाहरण ठरेल. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेली राजी नावाची मुलगी, तिच्या पाठीशी उभे असलेले दुर्गा आणि विष्णू, राजस्थानी वाड्यांची आठवण देणारी नगरे आणि सावल्यांच्या बाहुल्यांतून पुढे सरकणारी कथा, यांमुळे तो त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळासाठी नामांकित झाला. तो काही तासांत संपतो आणि कथा मध्येच थांबल्यासारखी वाटते. शेवटावरून क्रम लावणारा त्याला खाली ढकलील, तर वाटेत टिपणे ठेवणाऱ्याच्या वहीत तो नक्कीच वर राहील. मराठी मुलुखात घडलेला खेळ म्हणून त्याला वाढीव जागा देण्याची गरज नाही, पण आपल्या ओळखीच्या देवतांना पडद्यावर पाहून जो आनंद होतो तो आवडीचाच भाग आहे आणि तो मोजताना संकोच करू नये.

आज मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावी खेळ म्हणजे प्रामुख्याने मोबाइल. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ‘पब्जी मोबाइल’वर बंदी घातली, आणि २ जुलै २०२१ रोजी त्याच धर्तीचा ‘बीजीएमआय’ खेळ आला; अशा खेळांना शेवटच नसतो, नकाशे आणि शस्त्रे बदलत राहतात आणि ‘रँक’ हा शब्दही खेळाडूच्या कौशल्याची पायरी या अर्थाने वापरला जातो. त्यांना संपलेल्या खेळांच्या उतरंडीत बसवणे अन्यायाचे होईल. त्यांच्यासाठी वहीत वेगळे पान असावे आणि त्यावर खेळाचे नाव व कोणत्या महिन्यात तो खेळला ते लिहावे.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी जुना टीव्ही गेम अजून माळ्यावर असेल, त्यांनी तो खाली काढून कॅसेटमधले खरे वेगळे खेळ एकदा मोजावेत, त्यांचा क्रम लावावा आणि घरातल्या मुलांकडून त्याच खेळांचा क्रम वेगळ्या पानावर लावून घ्यावा. दोन्ही पानांवर तारीख घालावी, आणि पुढच्या वर्षी क्रम बदलला तर जुना खोडू नये. त्याच्याखाली नवा लिहावा.