दुपारी एकची टोळधाड

१६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता दहावीचा निकाल लागला. कोरोनामुळे त्या वर्षी परीक्षा झालीच नव्हती. अंतर्गत मूल्यमापनावर गुण दिले गेले होते आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के होता. नापास होण्याची भीती जवळपास कोणालाच नव्हती. तरीही उमरेडच्या माझ्या संगणक केंद्रात साडेबारापासून दहा-बारा मुले आणि त्यांचे पालक मास्क लावून उभे होते. एक वाजला आणि मंडळाचे संकेतस्थळ उघडेनासे झाले. दोन वाजले, तीन वाजले. "सर, अजून एकदा रिफ्रेश मारून पाहा ना!" असे कोणीतरी म्हणे आणि मी मारत असे. पाच संगणक, प्रत्येकावर पाच-सहा टॅब. निकाल दिसायला कित्येक तास गेले. त्या दुपारी माझे स्वतःचे बोटही त्या सर्व्हरचा गळा आवळत होते, हे मला नंतर प्रयोग केल्यावर कळले.

त्यानंतर चारच दिवसांनी सुरू झालेली अकरावी सीईटीची नोंदणी दुसऱ्याच दिवशी थांबवावी लागली. पुढे २०२५ साली अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदाच साऱ्या राज्याला लागू झाले. तोवर ते मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांपुरते होते, आता उमरेड-भिवापूरची मुलेही त्यात आली. २१ मे रोजी नोंदणी सुरू झाली, संकेतस्थळ कोलमडले आणि २६ मेपासून पुन्हा सुरुवात करावी लागली. भिवापूरहून बसने येऊन तसेच परत गेलेल्या मुलाला या पाच दिवसांचा हिशेब कोण देणार? 'एकदम गर्दी झाली' हे उत्तर मला पटत नव्हते. निकालाची वेळ आदल्या दिवशी जाहीर होते आणि मुलांची संख्या मंडळाला शेवटच्या आकड्यापर्यंत ठाऊक असते. मग ही गर्दी आधीच खोटी-खोटी उभी करून पाहता येत नाही का?

येते. त्या विद्येला भारचाचणी म्हणतात. मी अभियंता नाही. डीटीपी करता करता, संगणक मासिकांबरोबर मिळणाऱ्या लिनक्सच्या सीडी लावून जे शिकलो तेवढेच माझे भांडवल. तेव्हा तज्ज्ञ वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आधी पाटीवरचा हिशेब. २०२१ला मुले होती पावणेसोळा लाख. समजा, त्यांतली एक तृतीयांश पहिल्या दहा मिनिटांत आली. म्हणजे सेकंदाला सुमारे पावणेनऊशे. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक साधा नियम आहे : रांगेत असलेली माणसे म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. उत्तर दोन सेकंदांत मिळत असेल, तर एका क्षणी साडेसतराशे मुले आत असतील. तेच उत्तर तीस सेकंदांवर गेले, तर आत असलेल्यांची संख्या सव्वीस हजारांवर जाते. बाहेर मुले तेवढीच आहेत, फक्त सर्व्हर मंदावला आहे. मंदावल्याने गर्दी वाढते आणि गर्दीने तो आणखी मंदावतो.

इथे एक इशारा. दुसऱ्याच्या संकेतस्थळावर परवानगीशिवाय असा भार टाकणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ४३ खाली येणारा प्रकार आहे, हेतू कितीही चांगला असो. म्हणून मी माझाच एक लुटुपुटूचा निकाल-सर्व्हर उभा केला. एका जुन्या संगणकावर लिनक्स आणि डेटाबेस टाकला, त्यात सोळा लाख खोटे बैठक क्रमांक आणि खोटे गुण भरले. रात्री केंद्र बंद झाल्यावर उरलेले पाच संगणक हल्ल्याला.

हल्ल्याची साधने फुकट मिळतात. जेमीटर हे १९९८पासूनचे, जावावर चालणारे. लोकस्ट हे २०११चे, स्वीडनमध्ये जन्मलेले, पायथनमधले. लोकस्ट म्हणजे टोळ. आम्हा विदर्भवाल्यांना हे नाव समजावून सांगावे लागत नाही. मे २०२०च्या अखेरीस मोर्शी-वरुड आणि काटोलच्या शिवारात टोळधाड उतरली, तेव्हा शेतकरी थाळ्या बडवत संत्र्याच्या बागांतून धावत होते. एक टोळ कोणाचे काय बिघडवणार? हे साधनही तसेच आहे. एका आभासी विद्यार्थ्याने काय करायचे, म्हणजे पान उघडायचे, क्रमांक टाकायचा, थोडे थांबायचे, एवढे दहा-पंधरा ओळींत लिहायचे आणि तसे हजारो सोडायचे.

पहिल्या रात्री मी एकाच संगणकावरून दोन हजार टोळ सोडले. उत्तराला चार-चार सेकंद लागू लागले. सर्व्हर पडला म्हणून मी खूश! मग सर्व्हरकडे पाहिले तर तो निवांत होता, प्रोसेसरचा पाचवा हिस्सासुद्धा वापरात नव्हता. दमला होता तो हल्लेखोर संगणक. पायथनची एक प्रक्रिया प्रोसेसरचा एकच गाभा वापरते. तो भरला की उत्तरे वेळेवर आली तरी ती मोजायलाच उशीर होतो आणि तो उशीर सर्व्हरच्या नावावर लिहिला जातो. लोकस्ट याबद्दल इशारा देतो, पण तो ज्या खिडकीत येतो ती मी लहान करून ठेवली होती.

म्हणून हल्ला वाटून द्यावा लागतो. एक संगणक मास्टर. तो स्वतः टोळ सोडत नाही, फक्त हुकूम देतो आणि आकडे गोळा करतो. बाकीचे वर्कर. माझ्या चार वर्कर संगणकांत दोन-दोन गाभे होते, म्हणून प्रत्येकी दोन अशा आठ वर्कर प्रक्रिया चालवल्या. प्रत्येक वर्करला मास्टरचा पत्ता सांगायचा आणि मास्टरच्या फायरवॉलमध्ये ५५५७ क्रमांकाचे पोर्ट उघडायचे. सगळीकडे लोकस्टची आवृत्ती एकच हवी. जेमीटरमध्येही अशीच मांडणी होते, पण तिथे एक खड्डा आहे. लोकस्टला दोन हजार सांगितले तर तो ते सगळ्या वर्करांत वाटून देतो. जेमीटरला चार यंत्रांवर दोन हजार सांगितले तर प्रत्येक यंत्र दोन हजार सोडते, म्हणजे एकूण आठ हजार. हा फरक न कळता काढलेला अहवाल चौपट चुकतो.

दुसरा खड्डा क्रमांकांच्या यादीचा. यादीची फाईल मी प्रत्येक वर्करवर तशीच ठेवली. आठही जण पहिल्या ओळीपासून वाचू लागले आणि तेच ते क्रमांक आठदा विचारले गेले. डेटाबेसने ती उत्तरे जवळच काढून ठेवली असल्याने तो झटपट बोलू लागला. खऱ्या दिवशी प्रत्येक मुलाचा क्रमांक वेगळा असतो. यादीचे आठ तुकडे करून वाटले, तेव्हा त्याचा खरा वेग दिसला.

तिसरा खड्डा माझ्या स्वभावातला. पान सरकारी दिसावे म्हणून मी वर मोठे बोधचिन्ह आणि इमारतीचे चित्र लावले होते. मिळून पान झाले ३०० केबीचे. माझा जुना नेटवर्क स्विच १०० मेगाबिटचा, म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. भागाकार करा : सेकंदाला चाळीस-एक पाने. प्रोसेसर, डेटाबेस कोणी काही करायच्या आधी ती शोभाच वाट अडवून बसली होती. चित्रे काढली, पान ५ केबीवर आले.

एवढे सगळे निस्तरल्यावरही सर्व्हर पूर्ण कोसळेना, नुसता मंद होई. मग १६ जुलैची ती दुपार का घडली? बरेच दिवस डोके खाजवल्यावर लक्षात आले की माझे टोळ फार सभ्य होते. उत्तर येईपर्यंत हात बांधून उभे राहत, मगच पुढचे विचारत. सर्व्हर मंदावला की त्यांचे विचारणेही आपोआप कमी होई. माझ्या केंद्रातली माणसे अशी नव्हती. मीही नव्हतो. तेव्हा टोळांना अधीर केले : पाच सेकंदांत उत्तर नाही आले तर सोडून द्या आणि पुन्हा विचारा. तीन मिनिटांत सर्व्हर आडवा! कारण टोळाने नाद सोडला तरी सर्व्हर त्याचे जुने काम करतच राहतो. उत्तर तयार होते तेव्हा घ्यायला कोणी नसते आणि त्याच मुलाचा नवा अर्ज रांगेच्या टोकाला उभा असतो. शेवटी तो जवळपास सगळी मेहनत निघून गेलेल्यांसाठीच करत होता. अधीर टोळांशिवाय केलेली चाचणी मंडळाला नुसता धीर देईल, उपयोग काही नाही.

त्या बाहेरच्या सर्व्हरमध्ये नेमके काय बिघडले, हे माझ्या खोलीतल्या प्रयोगावरून सांगता येणार नाही. पण माझ्या सर्व्हरचे औषध सापडले आणि ते स्वस्त निघाले. जाहीर झालेला निकाल त्या दुपारी बदलत नाही, मग तो दर वेळी डेटाबेसमधून शोधायचा कशाला? आदल्या रात्री प्रत्येक क्रमांकाचे पान तयार करून ठेवले. सोळा लाख गुणिले ५ केबी म्हणजे ८ जीबी. पेनड्राइव्हवर मावेल एवढे. मग हवी तितक्या सर्व्हरांवर त्याची नक्कल ठेवता येते. तयार पानांवर तेच अधीर टोळ सोडले, तेव्हा कोणाला अधीर व्हायला वेळच मिळाला नाही. अलीकडे निकाल एकाच वेळी अनेक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवर मिळतो, ही मुळात याच जातीची सोय आहे.

प्रवेशाच्या अर्जाचे मात्र असे नाही. तिथे मूल वाचत नाही, लिहिते. लॉगिन, मोबाइलवरचा ओटीपी, महाविद्यालयांचा पसंतीक्रम, शुल्क असे सगळे जपून ठेवावे लागते आणि ते आदल्या रात्री तयार करून ठेवता येत नाही. तिथे दारातच टोकन द्यावे, 'तुमचा क्रमांक अमुक, इतक्या मिनिटांनी या' असे पडद्यावर सांगावे, म्हणजे लोक रिफ्रेश मारणार नाहीत असा माझा कयास आहे. त्यासाठी टोळांना टोकन वाचून थांबायला शिकवतो आहे. शंभरात किती जण थांबतील हा आकडा त्या चाचणीत घालावा लागेल, आणि तो मला सध्या केंद्राच्या दारात उभ्या राहणाऱ्या मुलांना पाहूनच ठरवावा लागतो आहे.